गिरणगांवांतील श्वासरोगाचीं साधनें

चरकानें श्वासरोगाच्या कारणांत रज, म्हणजे धूळ, गणिली आहे. कायद्यास ती ओळखावयास फार काळ लागला. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणींत १८५६ सालीं सूत निघूं लागलें. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या मूळ सूचींत शिसें व स्फुरद यांची विषबाधा होती, कापसाची धूळ नव्हती. बिसिनोसिस हा रोग सूचींत पुढें आला. सुटीनंतर सोमवारीं छाती दाटणें हें त्याचें आद्य लक्षण. परंतु जुनाट झाल्यावर तो विडीच्या खोकल्याहून निराळा दाखवितां येत नाहीं, क्ष-किरणचित्रही मुकें राहतें. सबब परळ-लालबागच्या कामगारास कार्डिंग खात्यांतील नोकरीचा कागद हाच मुख्य आधार. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, कागद पांगले. संग्राहकांनीं हजेरीपत्रकें रद्दींत जाऊं देऊं नयेत; सनदेप्रमाणें त्यांवरही कोणाचा तरी हक्क लिहिलेला आहे.