भित्रा घोयरा आणि माणसाचा हात

अस्थिर मनाच्या माणसाला ‘सरड्यासारखा रंग बदलणारा’ म्हणून हिणविण्याची चाल मराठींत जुनीच आहे. या वाक्प्रचारानें सरड्याला लबाड ठरविलें. त्याची बाजू मात्र कोणी ऐकून घेतलेली नाहीं. कुंपणावर मान हालवीत बसणारा नेहमींचा सरडा निराळा, आणि शेंपटीची गुंडाळी करून फांदीवर संथपणें चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरविणारा घोयरा सरडा निराळा. इंग्रजींत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो हा घोयरा. रंगपालटाविषयीं याची ख्याति सर्वांत अधिक. तो रंग कां बदलतो हा प्रश्न माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षें पडलेला आहे. उत्तर मिळण्यास इतका विलंब लागला याचें एक मोठें कारण असें कीं, माणसानें हा प्राणी बहुधा पकडून पाहिला. त्याला स्वस्थ बसूं देऊन पाहिला नाहीं. भित्र्या घोयऱ्याला माणसाच्या हाताची संवय कशी लावावी, हा विषय वरवर पाहतां छांदिष्टांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु त्याच्या इतिहासांत ज्ञानाचाहि इतिहास गुंतलेला आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें प्राण्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत घोयऱ्याचें वर्णन बरेंच सविस्तर आलें आहे. त्याची कासवासारखी संथ चाल, सर्व बाजूंना फिरणारे डोळे, आणि अंगांत हवा भरून फुगला असतां होणारा रंगपालट, या गोष्टी त्यानें टिपल्या. शरीर चिरून आंतील रचनेचीहि त्यानें नोंद केली. पण चिरलेल्या देहावरून रचना कळते, स्वभाव कळत नाहीं. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन पंडित प्लिनी यानें दोन गोष्टी लिहून ठेविल्या. एक अशी कीं, हा प्राणी कांहीं खात नाहीं, पीत नाहीं, केवळ हवेवर जगतो. दुसरी अशी कीं, याच्याइतका भित्रा प्राणी दुसरा नाहीं असें मानतात, आणि त्याच्या रंगपालटाचें कारणहि तें भित्रेपणच होय. पहिली गोष्ट साफ चुकीची होती; दुसरी बऱ्याच अंशीं खरी होती. नवल असें कीं, पुढच्या पंधराशें वर्षांत लोकांनीं चुकीची गोष्ट तेवढी उचलून धरली. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकांत राजपुत्र आपण घोयऱ्याच्या अन्नावर, म्हणजे हवेवर, राहतों असें उपहासानें म्हणतो. तत्कालीन प्रेक्षकांना त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नव्हता.

हवेवर जगण्याची ही समजूत इतका काळ कां टिकली असावी? घोयऱ्याला धरलें कीं तो अंग फुगवितो, तोंड वासतो, फुसफुसतो आणि काळवंडतो. नव्या जागीं आणलेला भ्यालेला घोयरा कित्येकदां दिवसेंदिवस अन्नाला शिवत नाहीं. आणि शरीराचा व्यापार मंद असल्यानें उपास त्याला कांहीं काळ सोसतोहि. पकडून आणणाऱ्याला मग दिसतें तें एवढेंच: वासलेलें तोंड, हवेनें फुगलेलें अंग, आणि समोर तसेंच पडलेलें भक्ष्य. वास्तविक त्याची जीभ त्याच्या धडाच्या लांबीहूनहि दूर जाते आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं किडा टिपते. परंतु भेदरलेल्या अवस्थेंत तो ती वापरीत नाहीं. तेव्हां प्लिनीनें सांगितलेलें खोटें हें त्यानेंच सांगितलेल्या खऱ्याच्या पोटीं जन्मलें असावें, असें मानण्यास जागा आहे.

१६६६ सालीं चौदाव्या लुईच्या आश्रयानें पॅरिस येथें विज्ञान अकादमी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांपैकीं क्लोद पेरो हा वैद्य होता आणि वास्तुकलाविशारदहि होता. लूव्र राजवाड्याच्या पूर्वेकडील स्तंभावलीशीं त्याचें नांव जोडलेलें आहे. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो हा त्याचा धाकटा भाऊ. ईजिप्तहून आलेला एक घोयरा अकादमीच्या हातीं आला. पेरोनें त्याला जिवंतपणीं न्याहाळलें, मेल्यावर त्याचें विच्छेदन केलें, आणि १६६९ सालीं हें वर्णन छापून निघालें. घोयरा हवेवर जगतो या समजुतीला त्यानें धक्का बसला. रंगाविषयींची त्यांतील निरीक्षणें तर विशेष मोलाचीं आहेत. सावलींत स्वस्थ बसलेला आणि बराच वेळ कोणी न शिवलेला घोयरा निळसर करडा दिसे. उन्हांत तो अधिक तपकिरी होई. हातांत घेऊन हाताळला कीं अंगावर काळपट डाग उमटत. पांढऱ्या कापडांत गुंडाळला असतां तो एकदां फिकट झाला, पण इतर रंगांच्या वस्त्रांचा रंग कांहीं त्यानें घेतला नाहीं. येथें ‘बराच वेळ कोणी न शिवलेला’ ही अट ध्यानांत धरण्यासारखी आहे. माणसाचा स्पर्श हेंच रंगपालटाचें एक कारण आहे, हें या नोंदीवरून उघड होत होतें. मात्र स्पर्श कसा केला असतां रंग काळवंडणार नाहीं, हा प्रश्न विच्छेदनाच्या मेजावर उद्भवण्यासारखा नव्हता.

तो प्रश्न त्याच शहरांत, पण एका घरगुती दिवाणखान्यांत उद्भवला. मादलेन द स्क्यूदेरी या त्या काळच्या प्रख्यात कादंबरीकर्त्री. १६०७ सालीं जन्मलेल्या या बाईंची सायरस राजावरील दहा खंडांची कादंबरी १६४९ ते १६५३ या वर्षांत प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सबाहेरहि वाचली गेली. शनिवारीं त्यांच्या घरीं लेखक व रसिक यांची बैठक भरे. १६७२ सालीं, वयाची पासष्टी आली असतां, ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराहून पाठविलेले जिवंत घोयरे त्यांच्याकडे येऊन पोंचले. भूमध्य समुद्र ओलांडून, उबेच्या देशांतून थंडीच्या देशांत आलेले हे जीव बाईंनीं पिंजऱ्यांतील नवलाई म्हणून ठेविले नाहींत. त्यांनीं त्यांना आपल्या सहवासांत वागविलें, त्यांच्या वर्तनाकडे बारकाईनें पाहिलें, आणि १६८८ सालीं ‘दोन घोयऱ्यांचा इतिहास’ या अर्थाच्या नांवानें तें सर्व छापलें. फ्रेंच भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘कथा’ असाहि होतो, हें खरें. तथापि राजांच्या आणि लढायांच्या इतिहासांनीं गाजणाऱ्या त्या काळांत एका सरपटणाऱ्या जिवाचें चरित्र लिहावें, ही गोष्ट साधी नव्हती.

ती साधी कां नव्हती हें समजण्यास त्या वेळचा एक वाद लक्षांत घेतला पाहिजे. १६३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत देकार्त या तत्त्ववेत्त्यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, पशु हें घड्याळासारखें यंत्र आहे. त्याच्या हालचाली चाकें व कमानी यांच्या हालचालींसारख्याच, त्यांच्यामागें विचार नाहीं. हें मत पुढें फार लोकप्रिय झालें. तें खरें मानलें तर घोयऱ्याचें काळवंडणें हें केवळ यंत्राचें फिरणें ठरतें, आणि त्याला शांत करण्याचा खटाटोपहि व्यर्थ ठरतो. स्क्यूदेरीबाईंना हें मान्य नव्हतें. हा जीव सौम्य आहे, त्याला भावना आहेत, आणि माणसाच्या वागणुकीचा त्याच्यावर परिणाम होतो, असें त्यांचें म्हणणें. ममतेच्या भरांत बाईंनीं घोयऱ्याच्या ठिकाणीं माणसाचे गुण पाहिले, असा आक्षेप घेतां येईल आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु पेरोला जें सुरीनें दिसलें नाहीं तें बाईंना सहवासानें दिसूं शकलें, हेंहि तितकेंच खरें आहे. पेरोमुळें घोयरा कशाचा बनला आहे हें कळलें. तो भीत नसतांना कसा असतो, हें पाहण्याची वाट बाईंनीं दाखविली.

या दोन वाटा एकत्र येण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १८५२ च्या सुमारास व्हिएन्ना येथील शरीरशास्त्रज्ञ ब्रूके यानें घोयऱ्याच्या त्वचेंतील रंगद्रव्याच्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१५ सालीं जिनीव्हा विद्यापीठांतील संशोधकांनीं मादागास्करमधील एका जातीच्या घोयऱ्यांविषयीं त्याहून सूक्ष्म गोष्ट उघडकीस आणली. त्वचेच्या कांहीं पेशींत ग्वानिन नांवाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीनें रचलेले असतात. प्राणी शांत असला म्हणजे हे स्फटिक एकमेकांच्या जवळ असतात व निळा प्रकाश परतवितात. त्यांत त्वचेंतील पिवळें द्रव्य मिसळून हिरवा रंग दिसतो. प्राणी उत्तेजित झाला कीं स्फटिकांमधील अंतर वाढतें आणि अंगावर पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंग चढतात. सारांश, ज्या फांदीवर बसला तिचा रंग घोयरा घेतो ही समजूत अपुरी आहे. ऊन, ऊब, प्रतिस्पर्धी, मादी आणि भय यांना तो रंगानें उत्तर देतो. ज्याला बोलतां येत नाहीं अशा प्राण्यानें आपलें मन अंगावर लिहून ठेवावें, आणि ज्याला वाचतां येतें अशा माणसानें तें न वाचतां त्याला लबाड म्हणावें, असा हा उलटा न्याय आहे.

तें वाचण्यास शिकणें हेंच घोयऱ्याला हाताची संवय लावण्याच्या विद्येचें सार होय. युरोप-अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्राणी पाळण्याचा छंद वाढला; येमेनकडील, डोक्यावर उंच तुरा असलेली जात त्यांत विशेष पसरली. जाणत्या पाळणाऱ्यांनीं अनुभवानें जे नियम बसविले आहेत ते सर्व त्या प्राण्याच्या भीतीच्या कारणांवरून निघालेले आहेत. घोयऱ्याचा शत्रु म्हणजे पक्षी. तो वरून झडप घालतो. म्हणून वरून येणारा हात, मग तो कितीहि प्रेमळ असो, त्याला बहिरी ससाण्याच्या पंज्यासारखाच भासतो. हात नेहमीं समोरून व खालून, आणि सावकाश न्यावा. त्याचा पिंजरा जमिनीवर न ठेवतां माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवावा, आणि आंत लपण्यापुरती पालवी असावी. ज्याला लपतां येतें तोच बाहेर येण्याचें धाडस करतो. नवीन आणलेल्या घोयऱ्याला पहिले कांहीं दिवस मुळींच हात लावूं नये.

पुढें चिमट्यानें अगर बोटांनीं एखादा किडा त्याच्यासमोर स्थिर धरावा. तो न घेईल तर हात मागें घ्यावा व दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें. जीभ सुटली कीं पहिली पायरी झाली. त्याच्या पायाचीं बोटें दोन व तीन अशा जोडांनीं सांडशीसारखीं बनलेलीं असतात. तीं फांदी पकडण्यासाठीं आहेत. सपाट तळव्यावर त्याला आधार वाटत नाहीं, पण आडवें धरलेलें बोट त्याला फांदीच वाटतें. तेव्हां हात त्याच्या पुढ्यांत फांदीप्रमाणें धरावा आणि त्यानें स्वतः पाय टाकीपर्यंत थांबावें. फांदीला घट्ट धरून बसलेल्याला ओढून काढणें सर्वथा वर्ज्य; त्यानें नखें दुखावतात आणि मिळविलेला विश्वासहि जातो. अंग चपटें झालें, तोंड उघडलें, रंग काळवंडला, कीं त्या दिवसाचा पाठ संपला असें समजावें. पांच-सात मिनिटांनीं त्याला पुन्हां झाडावर उतरूं द्यावें. इतकें करूनहि कांहीं घोयरे माणसाजवळ येत नाहींत. हा एकांतप्रिय प्राणी आहे. तो कुत्र्यासारखा जीव लावील ही अपेक्षाच अस्थानीं होय. तो माणसाला सोसूं लागला, त्याच्या हातावर आपल्या शांत रंगांत बसला, एवढें पुष्कळ आहे. वास्तविक या सर्व शिक्षणांत घोयरा थोडें शिकतो आणि माणसाचा हात अधिक शिकतो.

या छंदाला एक दुसरी बाजूहि आहे. १९७२ सालीं, म्हणजे स्क्यूदेरीबाईंचे घोयरे पॅरिसला आले त्यानंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, केनियाहून हवाई बेटांत आणलेले कांहीं तीन शिंगांचे घोयरे प्रवासानें क्षीण झालेले पाहून त्यांना हुशारी यावी म्हणून एका बागेंत मोकळे सोडण्यांत आले. ते तेथून पसरले, त्यांची वीण वाढली, आणि तेथील मूळच्या गोगलगाई व कीटक त्यांच्या भक्ष्यस्थानीं पडूं लागले. दया चांगली, पण तिलाहि विचाराचें कुंपण हवें.

त्याच १९७२ सालीं भारतांत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्रांतील घोयऱ्यालाहि त्याचें संरक्षण आहे. त्याला पकडून घरीं पाळणें हा गुन्हा होय. मराठी वाचकानें या विद्येचा उपयोग तरी काय करावा, असें कोणी विचारील. भागवतांत नृगराजाची कथा आहे. कृकलास, म्हणजे सरडा, होऊन तो विहिरींत पडला होता. यादवकुमारांनीं चामड्याच्या व सुताच्या दोरांनीं त्याला ओढून पाहिलें, पण तो निघाला नाहीं. श्रीकृष्णानें मात्र त्याला डाव्या हातानें सहज वर घेतलें. कथेचा मुख्य हेतु दानधर्माविषयींचा आहे. तरी ओढणारे दोर आणि उचलणारा हात यांतला भेद तिनें नेमका दाखविला आहे.

आजहि खेड्यापाड्यांत घोयरा विषारी समजून दगडांनीं मारला जातो. वस्तुतः त्याच्या अंगीं विष नाहीं. पावसाळ्याच्या दिवसांत तो डुलत डुलत रस्ता ओलांडतांना दिसला, तर त्याला धरूं नये व हुसकूंहि नये. एक काठी त्याच्या पुढ्यांत आडवी धरावी, त्यानें आपण होऊन तिच्यावर पाय टाकीपर्यंत वाट पाहावी, आणि तो चढला म्हणजे ज्या बाजूला तो निघाला होता त्या बाजूच्या झाडावर काठी टेकवावी. पानांआड जाईपर्यंत त्याचा रंग कोणता आहे, तेवढें पाहण्यास मात्र हरकत नाहीं.