घारापुरी : एक बेट, दोन टेकड्या

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर उतरणारा बहुतेक प्रवासी पश्चिमेकडील टेकडीवरचे शैव लेणे पाहून परततो. पूर्वेकडील टेकडीवर एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे क्वचितच कोणी वळतो. हा स्तूप लेण्याहून कित्येक शतके जुना.

सहाव्या शतकात शैव लेणे कोरणाऱ्यांनी स्तूपाची टेकडी सोडून समोरची निवडली. ‘बौद्ध धर्म संपला आणि शैव आला’ हे सोपे चित्र येथे बसत नाही. जवळच्याच साष्टी बेटावर कान्हेरीच्या विहारांना नवव्या शतकातही दाने मिळत होती. तेथील शिलाहारकालीन शिलालेख त्याची साक्ष देतात. दोन्ही उपासना या किनाऱ्यावर दीर्घकाळ शेजारी नांदल्या.

घारापुरीला मात्र असा लेख उरलेला नाही. १५३४ नंतर बेट पोर्तुगीजांकडे गेले. त्यांनी येथील एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला, असे त्यांचाच इतिहासकार दियोगो दु कौतो लिहितो. पुढे तो लेख हरवला. त्यामुळे काळ ठरवावा लागतो तो शिल्पशैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या, कलचुरी राजा कृष्णराजाच्या मानल्या जाणाऱ्या तांब्याच्या नाण्यांवरून. भग्न मूर्तींचे सारे खापरही पोर्तुगीजांच्याच माथी फोडले जाते. पावसाचे साचलेले पाणी आणि खारी हवा यांचा वाटा कोणी मोजत नाही.

लेख नसला, तरी पूजाविधीची वाट वास्तूतून वाचता येते. उत्तरेच्या दारातून आत येणाऱ्याच्या थेट समोर दक्षिण भिंतीवरचा भव्य सदाशिव येतो. पूर्वेच्या बाजूने येणाऱ्याला मात्र समोर दिसतो गाभारा. चार दारांचा, प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल, आणि सर्व बाजूंनी मोकळा, म्हणजे प्रदक्षिणा घालता येईल असा. आतले लिंग लेण्याच्या खडकातून कोरलेले नाही. अधिक घट्ट पोताच्या वेगळ्या दगडाचे ते आणून बसवले आहे. डोळ्यांना सदाशिव खिळवून ठेवतो, तरी पूजेचे केंद्र हे लिंग होते. स्तूपाभोवतीची प्रदक्षिणा आणि गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणा, पावलांची सवय एकच. फक्त मधली वस्तू बदललेली.

१९८७ मध्ये हे लेणे जागतिक वारसा झाले. छायाचित्रांत सर्वत्र सदाशिवच दिसतो. महाशिवरात्रीला बोटींतून उतरणारे भाविक मात्र त्या चार दारांच्या गाभाऱ्यातील लिंगाच्या दर्शनाला येतात.