हायड्रॉलिक लिफ्ट : तेलाच्या जोरावर वर, आपल्याच वजनाने खाली
भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात हायड्रॉलिक लिफ्टचं तत्त्व समजून घ्यायला उंच इमारत शोधायची गरज नाही. मुरूम खाली करणारी ट्रॅक्टरची ट्रॉली बघा. लिव्हर ओढला की तेल जॅकमध्ये जातं आणि भरलेली ट्रॉली उचलली जाते. लिव्हर सोडला की ती आपल्याच वजनाने खाली बसते. लिफ्टमध्ये हाच जॅक उभा असतो.

बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा १७व्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचा नियम. १० सेंटिमीटर व्यासाच्या दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २० किलो दाब दिला, तर दीड टनाहून जास्त वजन उचललं जातं.

वर जाताना मोटर पंप फिरवते आणि टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये ढकलते. मजला आला की पंप थांबतो. एकेरी व्हॉल्व्ह तेलाला परत येऊ देत नाही, म्हणून लिफ्ट तिथेच उभी राहते. उतरताना मोटर चालतच नाही. दुसरा व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि तेल हळूहळू टाकीत परततं. त्यामुळे वीज गेली तरी बॅटरीवर किंवा हाताने व्हॉल्व्ह उघडून लिफ्ट खाली आणता येते. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये, घरात वयस्कर अम्मी-अब्बा असतील तर, ही सोय फार मोठी.

शिवाय भार छतावर न येता जमिनीवर जातो. पण पाच-सहा मजल्यांच्या वर ती परवडत नाही. वेग कमी, आणि चढताना वीजही जास्त खाते. उन्हाळ्यात तेल तापून पातळ होतं, मग लिफ्ट मजल्याच्या थोडी खाली सरकू शकते.

खरा धोका पाइप फुटण्याचा. त्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशीच एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. तेल अचानक जोरात परतू लागलं की तो आपोआप बंद होतो. दुकानासाठी स्थानिक वर्कशॉपमध्ये माल-लिफ्ट बनवून घेणाऱ्याने पहिला प्रश्न याच व्हॉल्व्हचा विचारावा, रंगाचा आणि किमतीचा नंतर. मालाच्या लिफ्टमध्ये माणसं चढवू नयेत. महाराष्ट्रात १९३९पासून लिफ्टसाठी कायदा आहे. माणसांची लिफ्ट बसवण्याआधी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी.

उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय जाणता ड्रायव्हर शिरत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या कारागिरालाही तसाच टेकू हवा.