झिजलेल्या दांत्यांचा पुरावा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपणांस ताम्रपट, शिलालेख, दप्तरें आणि बखरी आठवतात. मुलांच्या खेळण्याच्या पोटांतील चार दांतेरी चाकें कोणासहि आठवत नाहींत. तथापि गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियाहून परत आला, तेव्हां त्यानें तळहातावर मावेल असा एक काळा गिअरबॉक्स आमच्या टेबलावर ठेवला. आणि त्या क्षुल्लक वस्तूनें उभा केलेला प्रश्न थेट इतिहासशास्त्राचा आहे असें आम्हांस दिसून आलें. रेडिओनें चालणाऱ्या एका लहान मोटारीचा तो सुमारें चाळीस वर्षांपूर्वींचा अवशेष होय. असल्या वस्तु जमविणाऱ्यांचा संप्रदाय आज अनेक देशांत पसरला असून त्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वस्तु मिळाली तशी, न उघडतां जतन करावी. दुसरा म्हणतो, जी चालण्यासाठीं घडली ती चालवावी. यांपैकीं कोणता पक्ष इतिहासाच्या दृष्टीनें ग्राह्य, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

तारेवांचून दुरून वाहनास आज्ञा देण्याची कल्पना बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बिनतारी लहरींनीं चालणारी नौका लोकांस दाखविली. परंतु लहर केवळ आज्ञा पोंचविते. चाक फिरविणें तिच्या हातीं नाहीं. विजेची लहान मोटर मिनिटास हजारों फेरे घेते, पण तिचा जोर अल्प असतो. तो वेग उतरवून जोर वाढविणें हें गिअरबॉक्सचें पहिलें काम. दुसरें काम याहून सूक्ष्म आहे. लेझीमची रांग वळते तेव्हां आंतला गडी जवळजवळ जागच्या जागीं फिरतो आणि बाहेरच्यास लांब ढांगा टाकाव्या लागतात. मोटारीच्या मागील दोन चाकांचेंहि तसेंच आहे. दोघांस एकाच कण्यावर पक्कें जखडलें तर वळणावर एकानें घसरलेंच पाहिजे. ही अडचण दूर करणारी युक्ति म्हणजे डिफरन्शिअल. फ्रान्समध्यें ओनेसिफोर पेकर यानें १८२७ च्या सुमारास ती वाफेच्या गाडीसाठीं योजिली, आणि १८७७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ले यानें ती तीनचाकी सायकलीस लावली. वाफेच्या अवजड गाडीपासून निघालेली ही कल्पना पुढें सुमारें दीडशें वर्षांत मुलांच्या खेळण्यांत येऊन पोंचली.

हा प्रवास मुख्यतः जपान, इंग्लंड आणि कॅलिफोर्निया या तीन ठिकाणीं झाला. जपानांतील शिझुओका येथील तामिया या कारखान्यानें १९७६ सालीं पोर्श ९३४ या मोटारीची बारावा हिस्सा आकाराची रेडिओ-प्रतिकृति बाजारांत आणली. या नमुन्याची तयारी करतांना कारखान्याचे चालक शुन्साकु तामिया यांनीं एक खरी पोर्श विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. मूळ साधन स्वतः उलगडून पाहिल्यावांचून लिहूं नये, हा आम्हां इतिहासवाल्यांचा नियम एका खेळणीवाल्यानें पाळावा, हें आम्हांस फार कौतुकाचें वाटतें. १९७९ सालीं त्याच कारखान्याची सँड स्कॉर्चर ही वाळूंत धांवणारी गाडी निघाली, आणि पुढें १९८४ सालीं ग्रासहॉपर. या दुसऱ्या गाडींत मोटर, गिअर आणि मागला कणा हीं सर्व एकाच पेटींत बसविलेलीं असून खांचखळग्यांत ती पेटीच्या पेटी वरखालीं हालते. रचना ओबडधोबड खरी; पण स्वस्त, आणि मुलांच्या हातीं टिकणारी.

शर्यत करणाऱ्यांस मात्र एवढ्यानें समाधान नव्हतें. इंग्लंडांतील नॉर्दम्प्टन येथें सेसिल शूमाखर यानें १९८० सालीं या लहान मोटारींसाठीं गोळ्यांचें डिफरन्शिअल विकण्यास आरंभ केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत असोशिएटेड कंपनीचा रॉजर कर्टिस खडबडीत जमिनीवरील शर्यतीच्या गाडीचा विचार करीत होता. त्याची सोनेरी अल्युमिनियमच्या सांगाड्याची आरसी-१० ही गाडी १९८४ सालीं बाहेर पडली. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत तिनें यश मिळविलें. तिच्या आरंभींच्या गिअरबॉक्सांत सहा चाकें होतीं. कांहीं वर्षांनीं त्यांच्या जागीं तीन आलीं. चाकाचे दांते चाकाच्या दांत्यांत गुंतले कीं थोडी शक्ति घर्षणांत जातेच, म्हणून जेवढीं चाकें कमी तेवढा तोटा कमी, हें त्यामागचें सरळ गणित.

आमच्या विषयाचें मर्म या गोळ्यांच्या डिफरन्शिअलमध्यें आहे, म्हणून त्याची रचना थोडी विस्तारानें सांगतों. दोन गुळगुळीत पोलादी कड्या, त्यांच्या मध्यें एक दांतेरी चाक, आणि त्या चाकाच्या भोंकांत बसविलेल्या बारीक गोळ्या, एवढाच हा संसार. एक स्क्रू आणि एक स्प्रिंग मिळून या कड्या गोळ्यांवर दाबून धरतात. सरळ वाटेवर सर्व कांहीं एकजीव फिरतें. वळणावर गोळ्या आपापल्या भोंकांत फिरतात, आणि एक कडी जितकी पुढें जाते तितकी दुसरी मागें राहते. स्क्रू किती आवळावा हें सर्वस्वीं चालविणाऱ्याच्या हातीं असतें. तो फार सैल राहिला तर कड्या गोळ्यांवरून घसरतात, आणि हें घसरणें पोलादावर लिहून ठेवलें जातें: कडीवर एक वर्तुळाकार चर उमटतो. अशा वेळीं काटकसरी मनुष्य कडी टाकून देत नाहीं, ती उलटी करून बसवितो. बोथट झालेल्या जात्याला टाकी लावून आपल्या आज्या पुन्हा त्यावरच दळीत, त्यांतलाच हा प्रकार.

आतां मूळ वादाकडे वळूं. न उघडण्याचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असें कोणीं समजूं नये. कारखान्यांतून वस्तु कोणत्या स्वरूपांत बाहेर पडली, कोणता स्क्रू कोठें होता, याचा साक्षीदार न उघडलेली पेटी हाच. पण काळ पेटीच्या आंतहि शिरतो. वंगण घट्ट होतें, रबराच्या धांवांना चिरा पडतात, आणि जुनें प्लास्टिक ठिसूळ होण्याचा संभव असतो. शिवाय जी वस्तु एकदांहि चालली नाहीं तिला घडणीचा इतिहास आहे, वापराचा नाहीं. ती कोणीं, कशी, कोणत्या जमिनीवर चालविली, याविषयीं ती मुकी असते.

चालविणाऱ्यांचा दोष निराळा, आणि आमच्या मतें अधिक गंभीर आहे. ते झिजलेला भाग काढून नवा बसवितात आणि जुना केराच्या टोपलींत टाकतात. अलीकडे यांत आणखी एक भर पडली आहे. जुन्या गाड्यांस मागणी आहे असें पाहून कारखान्यांनीं त्यांच्या नव्या आवृत्ति काढल्या: सँड स्कॉर्चर २०१० सालीं पुन्हा निघाली, आरसी-१० २०१३ सालीं. यांचे पुष्कळसे भाग जुन्या गाडींत बसतात. त्यामुळें गाडी चालवूं इच्छिणाऱ्याची मोठी सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी गाडी चार हात फिरून पुढील संग्राहकाकडे आली म्हणजे त्याची स्थिति प्रक्षिप्त श्लोकांनीं भरलेली पोथी हातीं आलेल्या पंडितासारखी होते. मूळ कोणतें आणि मागाहून घातलेलें कोणतें, हें सांगणारा कोणी उरत नाहीं. नवा भाग बसविणें हा अपराध नव्हे. त्याची नोंद न ठेवणें हा अपराध.

आमच्याकडे आलेला गिअरबॉक्स आम्हीं उघडला. विद्यार्थी आरंभीं नको म्हणत होता. उघडल्यानें बाजारांत किंमत उतरते, असें त्याचें म्हणणें. आंत काळपट जुन्या वंगणावर फिक्या नव्या वंगणाचा थर होता, आणि त्या काळपट थरांत वाळूचे बारीक कण रुतलेले होते. स्क्रूची खांच पिळवटलेली होती. म्हणजे तो वारंवार आवळला गेला असला पाहिजे. आणि दोन्ही कड्यांवर दोन्ही बाजूंनीं चर होते, एका बाजूस खोल, दुसऱ्या बाजूस उथळ. यावरून इतकेंच म्हणतां येतें कीं ही गाडी वाळूंत पुष्कळ धांवली, तिच्या मालकानें एकदां कड्या उलटविल्या, आणि दुसरी बाजू पुरती झिजण्यापूर्वींच धांवणें थांबलें. कां थांबलें, हें पोलाद सांगत नाहीं, आणि तें कल्पनेनें भरून काढण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु गाडी न उघडतां ठेवली असती तर एवढेंहि कळलें नसतें, आणि मूळ मालकानें कड्या फेंकून दिल्या असत्या तरीहि कळलें नसतें.

तात्पर्य, आमचा निर्णय असा कीं, असल्या वस्तु चालवाव्या. पण दप्तरखान्यांतील कारकुनाच्या शिस्तीनें चालवाव्या. जें उघडलें त्याचें चित्र काढावें, जें काढलें तें जपावें, जें घातलें त्याची तारीख लिहावी. वस्तूचा उपयोग पुराव्याचा नाश करतो हें खरें. पण तोच उपयोग पुरावा निर्माणहि करतो. हे दोन्ही व्यापार एकाच वेळीं चालतात, म्हणून नोंदीचें महत्त्व.

असो. त्या दोन कड्या आम्हीं एका पाकिटांत घालून, वर तारीख आणि चार ओळींचें टिपण लिहून, ताम्रपटांच्या ठशांशेजारीं खणांत ठेविल्या आहेत. गिअरबॉक्सांत नव्या कड्या बसल्या. आमच्या विद्यार्थ्यानें सुट्टींत गच्चीवर गाडी चालविली, आणि दुसऱ्या दिवशीं आपण होऊनच येऊन, स्क्रू किती फेरे आवळला तें त्या पाकिटावर लिहून गेला.