जीवनसत्त्व-विश्लेषणातील सुरक्षित विद्रावके

अन्नातील जीवनसत्त्वे अलग करून मोजताना विषारी वा पर्यावरणास घातक विद्रावकांऐवजी वापरली जाणारी, तुलनेने निर्धोक विद्रावके (पहा : जीवनसत्त्वे, विद्रावक).

अ जीवनसत्त्वाच्या कार-प्राइस कसोटीत (१९२६) क्लोरोफॉर्ममधील अँटिमनी ट्रायक्लोराइड वापरीत. येणारा निळा रंग लगेच फिकट होऊ लागे, त्यामुळे वाचन चटकन घ्यावे लागे. क्लोरोफॉर्म यकृतास अपायकारक आहे. साबणीकरणानंतरच्या निष्कर्षणात हेक्झेन व ईथर रूढ झाली. पैकी हेक्झेनच्या दीर्घ संपर्काने हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. साठवलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइडे तयार होऊन मोजावयाचे अ जीवनसत्त्वच नष्ट होऊ शकते. अनास्टस व वॉर्नर यांच्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांपैकी (१९९८) पाचवे सुरक्षित विद्रावकांविषयी आहे (पहा : हरित रसायनशास्त्र).

हेक्झेनऐवजी हेप्टेन किंवा एथिल ॲसिटेट घेता येते. कार्बन डाय-ऑक्साइड ३१° से. तापमान व सु. ७४ बार दाबापलीकडे अतिक्रांतिक अवस्थेत मेद व मेदविद्राव्य जीवनसत्त्वे विरघळवतो आणि दाब उतरताच वायुरूपाने निघून जातो. उपकरणे मात्र महाग असतात. उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनात ॲसिटोनायट्राइलची जागा एथेनॉल घेऊ शकते. पाणीमिश्रित एथेनॉल अधिक श्यान असल्याने स्तंभातील दाब वाढतो, म्हणून स्तंभ गरम ठेवतात. सु. २१० नॅनोमीटरखाली एथेनॉल प्रकाश शोषतो. रेटिनॉल ३२५, तर ड जीवनसत्त्व २६५ नॅनोमीटरला मोजत असल्याने ही अडचण येथे गौण ठरते. एथेनॉलही ज्वालाग्राही आहेच.

क व ब-गट जीवनसत्त्वांचे निष्कर्षण मुख्यतः जलीय आम्लांत होत असल्याने तेथे घातक विद्रावकांचा प्रश्न वर्णलेखनापुरताच उरतो.