औट्रमची गोळी

चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आम्ही कन्नड घाट म्हणतो. कागदोपत्री तो औट्रम घाट. १९८६ साली झालेल्या गौताळा अभयारण्याच्या नावातही औट्रम आहेच. खानदेशातले वाघ टिपणाऱ्या माणसाचं नाव अभयारण्याला! ज्यांनी दिलं त्यांनी बहुधा विचार केला नसावा.

जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी १८२५ साली खानदेशात आला. धरणगावला त्याने भिल्लांची पलटण उभारली आणि दहाएक वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या वर वाघ मारले. लोक त्याच्या छातीचं कौतुक करतात. मला विचाराल तर आधी त्याची गोळी बघावी.

बंदूक तेव्हा ठासणीची. तिचं माप गोळीवरून ठरे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या होत असतील तर ती बारा बोअर. म्हणजे एकेक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, बोराएवढी, गोल. माझ्या लहानपणी पाटणादेवीकडच्या एका शेतात रानडुकरांसाठी परवान्याची अशी बंदूक होती. म्हातारा पळीत शिसं वितळवून साच्यात ओते, गोळीची शेपटी चाकूने छाटे आणि मग ती चक्क दाताखाली धरून बघे. दात उमटला तर शिसं चांगलं. मग नळीत मोजून दारू, त्यावर तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि गजाने ठासणं. एका बारानंतर हे सगळं पुन्हा! समोर डुक्कर असेल तर ठीक.

गोल गोळीचा वेग हवेत पटकन मरतो, म्हणून वाघाच्या जवळ जाणं भाग होतं. जवळ नेणारे होते भिल्ल. माग काढायचा, हाका घालायचा, जखमी जनावर झुडपात शोधायचं, हे त्यांचं काम. आकडा मात्र साहेबाच्या नावावर. वाघाला मऊ शिसंच बरं, कारण लागल्यावर ते चपटं होऊन जखम रुंदावतं. गव्याला किंवा रानरेड्याला तेच शिसं हाडावर पसरून वाया जाई. त्यासाठी शिकारी शिशात कथील नाहीतर पारा मिसळत.

पलीकडे निमाडात जेम्स फोर्साइथ नावाचा अधिकारी होता. त्याने १८६०च्या दशकात शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. लांबट गोळीची टूम आली असतानाही जंगलातल्या जवळच्या नेमाला गोल गोळीच बरी, हा त्याचा हेका. पुढे एक्सप्रेस रायफल आली: भरपूर दारू, हलकी गोळी, टोकाला पोकळी. वाघाच्या अंगात ती फुलून फुटे आणि वाघ जागीच बसे. पण जाड हाडावर आदळली तर आत शिरण्याआधीच तिचे तुकडे होत. तरी माझ्या मते इथल्या सातमाळा डोंगरातले वाघ एकट्या गोळीने संपले नाहीत. सरकारी इनाम आणि रानात घुसलेला नांगर, दोघांचा वाटा मोठा.

मग धूर न करणारी दारू आणि तांब्या-निकेलने मढवलेली गोळी. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तिचं नाक उघडं ठेवून बघितलं गेलं. अंगात फुलणारी अशी गोळी युद्धात वापरू नये, असं १८९९ साली हेगला ठरलं. शिकाऱ्यांनी मात्र वाघासाठी तीच धरली. इकडे फौजेच्या मापाची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीने सरकारने .३०३ आणि .४५० खाजगी वापरातून काढली. त्या जागी इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे मापं काढली, आणि सामान्य परवानेदाराला .३१५ मिळाली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिची वाघाशी गाठच संपवली.

आज जळगाव जिल्ह्यातच वरणगावला फौजेसाठी काडतुसं बनतात. गोळी नाकापर्यंत मढवलेली, म्हणजे हेगच्या नियमातली. वाघावर तसली झाडली की ती आरपार जाते आणि जखमी वाघ झुडपात शिरतो, म्हणून जुने शिकारी तिला हात लावत नसत.