‘असावे’चा अनुवाद

अनुवादाच्या तासाला इंग्रजीतील एक साधे वाक्य हमखास फसते. ‘आय अ‍ॅम अफ्रेड ही हॅज लेफ्ट.’ विद्यार्थी लिहितात, ‘मला भीती वाटते की तो निघून गेला आहे,’ आणि वृत्तपत्री मराठीची सवय झालेल्या आपल्या कानांना त्यात काही खटकतही नाही. वस्तुतः बोलणाऱ्याला भीती कसलीच नसते. नकार थेट अंगावर जाऊ नये म्हणून घातलेली ती वई आहे. कोकणातल्या वाचकाला वई समजावून सांगायला नको. इंग्रजीतही अशा शब्दांना कुंपणाचेच नाव आहे, ‘हेज’. जॉर्ज लेकॉफ या भाषावैज्ञानिकाच्या १९७२च्या लेखानंतर ही संज्ञा रूढ झाली. परहॅप्स, आय थिंक, सॉर्ट ऑफ, सो टु स्पीक ही सारी त्याच कुळातली.

ही वई हिब्रूत कशी घालतात, हा प्रश्न दूरचा वाटेल. पण आपल्याच किनाऱ्यावर मराठी आणि हिब्रू यांचा संवाद बराच जुना आहे. उत्तर कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह शिळाछापावर निघाली. १८७४च्या पुण्यातील हगादाच्या चित्रांत तर लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

या हगादामध्येच एक नमुनेदार शब्द आहे, ‘केइलू’. ‘के’ म्हणजे जसे, ‘इलू’ म्हणजे जर. प्रत्येक पिढीतील प्रत्येकाने आपण स्वतःच मिसर देशातून सुटून आलो असे मानावे, या विधीतला सांधा हा शब्द जोडतो. मराठीत ‘जणू’ हाताशी आहे. पण काव्यशास्त्र शिकलेल्या मराठी वाचकाला ‘जणू’ दिसताच उत्प्रेक्षा आठवते. मुख जणू चंद्र, म्हणजे मुख चंद्र नव्हे, हे आपण गृहीत धरतो. ‘जणू’ अंतर राखतो. हगादातला ‘केइलू’ नेमके ते अंतर पुसून टाकायला सांगतो. शब्दकोश दोघांना एका ओळीत बसवील, पण दोघांची कामे उलट आहेत.

गंमत अशी की, हाच प्राचीन ‘केइलू’ आज इस्राएलमधील तरुणांच्या तोंडी वाक्यागणिक येतो, आपल्याकडे ‘म्हणजे’ येतो तसा. हैफा विद्यापीठातील याएल माश्लर यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला आहे. इंग्रजी ‘लाइक’ किंवा ‘सॉर्ट ऑफ’चा हिब्रू अवतार हवा असेल तर तो हाच. ‘सो टु स्पीक’साठी मात्र हिब्रूकडे त्याहून खानदानी शब्द आहे: ‘किव्याखोल’. देवाला मानवी राग किंवा दुःख चिकटवताना जुने रब्बी तो योजीत. ‘असे म्हणणे शक्य असते तर’ असा त्याचा भाव. आधुनिक हिब्रूत त्याला उपरोधाची धार आली आहे आणि तो ‘तथाकथित’च्या वाटेने चालला आहे. शंकेचे शब्द फार वापरले की बहुधा कुत्सित होतात. आपल्या ‘म्हणे’चे काय झाले ते पाहावे.

व्याकरणाच्या अंगाने पाहता येथे इंग्रजीपेक्षा मराठी आणि हिब्रू एकमेकींना जवळच्या ठरतात, निदान एका बाबतीत. ‘आय थिंक’मध्ये विचार करणारा ‘मी’ कर्तेपणाने पुढे उभा असतो. हिब्रूतही तसे म्हणता येते. परंतु ‘नीदमे ली’ असाही एक प्रयोग आहे, आणि त्यातला ‘ली’ म्हणजे आपल्या ‘मला वाटते’मधला ‘मला’. दोन्हीकडे मत माणसाकडे आपण होऊन चालत येते. फरक आहे तो पुढे. मराठीत शंका क्रियापदाच्या पोटातच असते: तो गेला, गेला असेल, गेला असावा. आमच्या कुडाळच्या बोलीत ‘गेलो असात’. हिब्रूत ‘गेला’ हे रूप तसेच राहते आणि ‘उलाय’ (कदाचित) किंवा ‘कनिरए’ (दिसते असे) बाहेरून येऊन चिकटतात. बाहेरचा शब्द घाईत गळू शकतो. क्रियापदाचा प्रत्यय सहसा गळत नाही.

शिवाय समाजाची बोलण्याची रीत असते. तामार काट्रिएल यांनी १९८६च्या आपल्या पुस्तकात इस्राएली समाजातील ‘दुग्री’ बोलण्याचे, म्हणजे आडपडदा न ठेवता बोलण्याचे, विवेचन केले आहे. त्या रीतीत वाढलेल्या कानाला इंग्रजी सौजन्याची वळणे कचखाऊ वाटू शकतात. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’चे शब्दशः हिब्रू केले तर तेथेही खरीखुरी भीतीच उभी राहते, ‘लेत्साअरी’, माझ्या दुःखाने, हे त्यातल्या त्यात बरे.

इथवर हा शैलीचा प्रश्न राहतो. पण हिब्रूत शंकेला आणखी एक नाव आहे, ‘साफेक’, आणि ते धर्मशास्त्राचे आहे. तोराच्या आज्ञेबाबत साफेक उद्‌भवला तर निर्णय कडक बाजूने, रब्बींच्या नियमाबाबत उद्‌भवला तर सौम्य बाजूने, असा त्याचा दंडक. म्हणजे येथे ‘कदाचित’ हा सौजन्याचा शब्द राहत नाही, त्याला परिणाम असतात.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७मध्ये लिहिलेल्या आणि १९३७मध्ये तेल अवीव येथे छापलेल्या इतिहासात ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेली आहे. मराठीत अशी हकीकत ‘सांगतात’, ‘आले असावेत’ या क्रियापदांवर सुखाने नांदते. तिला कोणी पुरावा मागत नाही. १९६२मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने, या समाजात घटस्फोटाचे व विवाहाचे नियम पूर्वी नीट पाळले गेले नसतील या शंकेवरून, बेने इस्राएलांशी विवाह लावण्याआधी आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. किती मागे? ज्या स्मृतीचे प्रत्येक वाक्य ‘असावे’ने संपते, तिला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारले जाणार होते. लोकांनी निदर्शने केली. ऑगस्ट १९६४मध्ये सरकारने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि रब्बींनी आपला निर्देश बदलला. त्यातले समाजाचे नाव काढून टाकले. त्याच्या जागी, ज्याच्याविषयी शंका असेल अशी कोणीही व्यक्ती, अशा आशयाचे शब्द आले.